सुताराचा ढीग

नद्यांवर अजून पूल नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. एका नदीकाठच्या गावात एक सुतार राहत होता. त्याचा हात इतका सफाईदार की त्याने बसवलेला सांधा शोधूनही सापडत नसे.

या सुताराला लाकडाचा भारी लोभ. मोठं काम झालं की उरलेले लहान ठोकळे तो कधी चुलीत जाऊ देत नसे. साग, शिसव, आंबा, बाभूळ, खैर, सगळं घरामागच्या पडवीत एका ढिगात जाऊन पडे. ढीग आढ्याला टेकायला आला.

त्याची लेक त्याच्याच हाताखाली काम शिकलेली. ती म्हणायची, "आबा, हे नीट लावून ठेवू या."

सुतार म्हणायचा, "कशाला? कुठला तुकडा कुठे आहे ते मला पाठ आहे. डोळे झाकून काढून देईन."

आणि खरंच, मागितला तुकडा तो चुटकीसरशी काढून द्यायचा. त्याचा त्याला अभिमान होता.

एका पावसाळ्यात सुताराचे डोळे आले. वैद्याने औषध घालून पट्टी बांधली. त्याच दिवसांत नदीला पूर आला. नदीतल्या बेटावर धनगरांची वस्ती होती, तिच्याभोवती पाणी चढू लागलं. त्यांना आणायला निघालेला नावाडी धावतपळत सुताराच्या दारी आला.

"वल्हं अडकवायची खुंटी मोडली. वाळलेल्या बाभळीची नवी करून द्या. त्याशिवाय या पाण्यात नाव हाकता येणार नाही."

"बाभूळ आहे की," सुतार म्हणाला. "डावीकडे, शिसवाच्या फळीखाली."

लेकीने पाहिलं. तिथे सागाचे तुकडे होते. तिने आणखी खाली हात घातला, तिथे खैराचे. सुतार चिडला, चाचपडत स्वतः पडवीत गेला आणि आठवणीतल्या जागी हात घालून त्याने एक तुकडा ओढला. त्यासरशी अख्खा ढीग धडधडत खाली आला. धुळीने माखलेले ठोकळे अंगणापर्यंत पसरले.

त्या पसाऱ्यात लेक शोधत राहिली. नावाडी नदीकडे बघत म्हणाला, "पोरी, जे हाताला लागेल ते दे. पाणी थांबायचं नाही."

हाताला आंब्याचा तुकडा लागला. आंबा नरम, ते तिला माहीत होतं. तरी तिने त्याचीच खुंटी तासून दिली.

पहिल्या खेपेत बायका-मुलं सुखरूप आली. दुसऱ्या खेपेत, माणसं आणि मेंढरं घेऊन येताना, भर धारेत खुंटी तुटली. नाव भरकटली आणि वाहत खाली, पाण्यात उभ्या करंजाच्या झाडाला जाऊन आदळली. माणसांनी फांद्या धरल्या, म्हणून वाचली. मेंढरं वाहून गेली.

ते कळल्यावर सुतार म्हणाला, "अगं, घरात एवढी बाभूळ असून असं व्हावं?"

लेक म्हणाली, "आबा, बाभूळ घरात नव्हती. ती तुमच्या डोक्यात होती."

सुताराला ते झोंबलं.

पट्टी सुटली, तसा तो कामाला लागला. बापलेकींनी पडवीच्या भिंतीला फळ्या ठोकून खण पाडले. किडके आणि तडकलेले ठोकळे निवडून जळणात टाकले. त्या वेळी सुताराचा हात अडखळला, तर लेकीने तुकडा हळूच काढून घेतला. ओल्या ठोकळ्यांच्या टोकांना मेण लावलं, म्हणजे ते उलून तडकणार नाहीत, आणि वारा खेळावा म्हणून थरांमध्ये काड्या ठेवल्या. ओलं वर, वाळलेलं खाली. गावात वाचता येणारे थोडेच होते, म्हणून सुताराने प्रत्येक खणावर त्या त्या झाडाचं पान कोरलं. बाभळीच्या खणावर मात्र काटे कोरले.

पुढे हिवाळ्यात दोघं सुताराच्या बहिणीच्या गावी लग्नाला गेले. परत आले, तर गावातला कुंभार तान्हं बाळ घेऊन दारात उभा, मागे त्याची गाडी.

"तुमच्यामागे घरात शिरलो, रागावू नका," तो म्हणाला. "बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. सुईणीकडे नेताना तुमच्या घरासमोरच गाडीच्या चाकाची खीळ तुटली. खणावरचं खैराचं पान ओळखलं, खालचा वाळका तुकडा घेतला, कोयत्याने तासून ठोकला आणि वेळेत पोचलो."

"मला विचारायला कुणाला धाडलं नाहीस?" सुताराने विचारलं.

"विचारायचं काही उरलंच नव्हतं."

क्षणभर सुताराला कसंसंच वाटलं. आजवर त्याच्यावाचून गावाचं पान हललं नव्हतं. मग त्याने गाडीपाशी जाऊन खीळ हलवून पाहिली. थोडी वाकडी होती, पण घट्ट बसली होती.

"चांगली ठोकलीस," तो म्हणाला, आणि बाळाला घ्यायला त्याने हात पुढे केले.

तात्पर्य : आपण जपलेली वस्तू आपल्यामागे दुसऱ्यालाही सापडली, तरच ती जपली म्हणावी.