कासवलीचा झिजलेला चौथरा

कासवली बंदरावरच्या देवळात चौथरा आहे, देवी नाही. तो चौथराही मधोमध झिजून खोलगट झालेला. पाहुणे आत डोकावतात आणि मूर्ती चोरीला गेली का, असं हळूच विचारतात. बाबल गुरवांना हा प्रश्न पाठ आहे. “चोरी कसली? आम्हीच बुडवली,” असं म्हणून ते पाहुण्यांचे चेहरे मजेत न्याहाळतात आणि मग सांगायला बसतात.

फार पूर्वी इथला दर्या दरवर्षी माणसं न्यायचा म्हणे. म्हणून गावानं बंदरावर देवी बसवायचं ठरवलं. देऊळ आणि चौथरा बांधून झाले आणि मूर्ती आणायला जैतू तांडेल गलबत घेऊन निघाला. देवीला चौथऱ्यावर बसवल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडणार नाही, अशी शपथ त्यानं घेतली.

परतताना गाव दिसू लागलं आणि वादळानं गाठलं. गलबतात पाणी भरलं. खलाशांनी कौलं फेकली, मिठाची पोती फेकली, भाताचा हंडासुद्धा फेकला. तरी गलबत वर येईना. आता जड असं एकच उरलं होतं, डोलकाठीशी बांधलेली काळ्या दगडाची देवी. सगळे जैतूकडे बघत होते. कोणाच्या घरी कोण वाट बघतंय, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं देवीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि स्वतःच्या हातानं दोर कापला.

गलबत तरलं, किनाऱ्याला लागलं. खलाशी घरी पळाले. जैतू मात्र देवळाच्या पायरीशी हमसून रडत बसला. आता गावाला तोंड कसं दाखवायचं, आणि शपथ मोडून घरात पाऊल कसं टाकायचं? तेवढ्यात यसूआय आली. तिचा नवरा आणि लेक, दोघेही दर्यानं नेले होते.

“देवी कित्याक व्हयी होती आमका?” तिनं विचारलं. “माणसां घराक येवची म्हणान मां? इली मां सगळी?”

“इली, आये.”

“मगे रडतस कित्याक? देवीचा काम तूच केलंस. बस हय.”

तिनं त्याला हाताला धरून चौथऱ्यावर बसवलं आणि ओवाळलं. जैतूच्या जिवाचा घोर गेला, शपथही फिटली. त्या संध्याकाळी तो आपल्या घरी पोटभर जेवला, असं सांगतात.

नवी मूर्ती मग कोणी आणलीच नाही. आजही वादळातून सुटून आलेला माणूस आधी या चौथऱ्यावर बसतो आणि घरची माणसं त्याला ओवाळतात. बाबल गुरव त्या खोलगट दगडावरून हात फिरवतात. “बघा,” ते म्हणतात, “इतकी माणसं परत आली.”