वी म्हणजे कोण?

फार पूर्वी शाळेच्या खिडकीला टेकून एक जांभूळ उभं होतं. त्यावरचा पोपट वर्गातली इंग्रजी सर्वनामं ऐकायचा आणि पाखरांना शिकवायचा, “आय म्हणजे मी, यू म्हणजे तू, वी म्हणजे आम्ही.”

एकदा वादळात घर गेलेली खारूताई तिथं आसऱ्याला आली. पोपट ऐटीत म्हणाला, “वी लिव्ह हिअर! म्हणजे, आम्ही इथं राहतो.”

“बरं, येते मग,” म्हणत खारूताई गुपचूप उतरू लागली.

साळुंकी कडाडली, “अहो मास्तर, वी म्हणजे आपणसुद्धा होतं की!”

पोपट ओशाळला, भुर्रकन खाली आला. “खारूताई, थांब! अर्थ चुकला माझा. आपण इथं राहतो.”

“मला धरून?”

“अगं, तुला धरल्याशिवाय ‘आपण’ होतच नाही!”