ऋषीच्या भाजीला बैलाची साक्ष

सह्याद्रीची गाडीवाट जिथे दमून थांबते, तिथे कुडेशेत नावाचे गाव आहे. त्या वर्षीचा चातुर्मास आत्मगिरी महाराजांनी या गावी केला. ओढ्याकाठच्या धर्मशाळेत ते उतरले होते. अंगावर एक छाटी, हातात एक कमंडलू आणि मुखी अखंड नाम, एवढाच त्यांचा संसार! पण महाराजांची पावले लागली आणि कुडेशेतच्या बायाबापड्यांना जणू माहेर मिळाले.

भाद्रपद उजाडला. परसात पडवळे लोंबू लागली, भोपळ्याचे वेल छपरावर चढले, अळू गुडघाभर झाले, चिबडांचा वास वाटेपर्यंत येऊ लागला. ऋषिपंचमी जवळ आली. या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा आपल्याकडे नेम आहे. नांगराखालचे धान्य नको, नांगराखालची भाजीही नको. माणसाने हाताने लावले, हाताने खणले, तेवढेच त्या दिवशी पानात. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाची एक दिवस तरी आठवण ठेवावी, असे ते व्रत. गावातल्या बायकांनी ठरवले की, यंदाची ऋषीची भाजी महाराजांना नैवेद्य दाखवूनच खायची.

या भाजीसाठी कुडेशेतात एकच नाव गाजत होते, द्वारकाबाई खोतांचे. सगळे त्यांना खोतीणबाई म्हणत. त्यांच्या भाजीत मोजून एकवीस जिनसा असत आणि चार दिवस आधीपासून त्यांची नावे त्या गावाला ऐकवत. हाताला चव होती, हे खरेच. पण चवीपेक्षा तोरा अंमळ जास्त होता!

आणि गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर, भिकाई राहत होती. नवरा जाऊन चार वर्षे झालेली. दावणीला बैल नाही. भाड्याने जोत आणावे तर ऐपत नाही. तिने कुदळ उचलली आणि तो दगडधोंड्यांचा उतार एकटीने खणून काढला. दगड वेचून त्यांचा बांध घातला, पाटीपाटीने खत वाहिले. यंदा तिच्या परड्यात असे पडवळ लागले की बघत राहावे! वाटेने जाणारा थांबला की भिकाई पदर खोचून उभी राही आणि न विचारता सांगे, "माझ्या हातचं हाय." तिला देवाने दुसरे काही दिले नव्हते, पण हा अभिमान दिला होता आणि तो सोन्यासारखा खरा होता.

पंचमीच्या सकाळी तिने भाजी तोडली. सुरण आणि अळू आधी शिजत घातले. ही दोन्ही घशाला खाजरी, म्हणून आंबटाला परसातले आंबाडे ठेचून टाकले. मग मक्याच्या कणसाचे तुकडे, लाल भोपळा, पडवळ, दोडके, भेंडी आणि अगदी शेवटी लाल माठ. फोडणी नाही, मसाला नाही. ओली मिरची, मीठ आणि मूठभर ओले खोबरे. मोजल्या तर दहा-अकरा जिनसा. पण मडक्याचे झाकण काढले तेव्हा भिकाई स्वतःशीच म्हणाली, "झालीय हो!" मडके डोक्यावर घेऊन, बगलेत एक चिबूड मारून ती धर्मशाळेत आली.

खोतीणबाई आधीच आल्या होत्या. पितळी हंडा जड, म्हणून बैलगाडीतून आल्या होत्या. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. पण बैलाच्या गाडीत बसू नये असे कुठे सांगितले आहे? त्यांचा लखू गडी गाडीचे बैल दाव्याला बांधून, "खा रे चांद्या" म्हणत गवत टाकत होता.

भिकाईने मडके टेकले. फडके बाजूला होताच असा दरवळ सुटला की चार बायका माना वळवून तिकडेच पाहू लागल्या. खोतीणबाईंच्या हे बरे ध्यानात आले. त्या पुढे आल्या आणि मडक्यात डोकावल्या.

"काय गो भिकाय, एवढं जाड पडवळ? हे तुझ्या हातचं?"

"होय बाय. माझ्या हातचं हाय."

"त्या खडकावर? बैल लावल्याशिवाय?" खोतीणबाई सगळ्यांकडे वळून हसल्या. "अगो, कुणाला सांगतेस! कुणाचं तरी जोत फिरवून घेतलं असशील गपचूप. आजच्या दिवशी ऋषींच्या पानात लबाडी वाढतेस?"

बायका चपापल्या. कुणी म्हणाली, खरंच, उतारावर एवढे पीक कसे येईल! एका म्हातारीने तर निवाडाच केला. संशयाची भाजी नैवेद्याला चालायची नाही, मडके बाहेर गुरांपुढे रिकामे करा. आणि जिने व्रत बाटवले तिने पुन्हा या पंगतीला बसू नये.

भिकाईचा चेहरा उतरला. भाजी जाईल याचे तिला दुःख नव्हते. चार वर्षांचे तिचे सगळे कष्ट एका वाक्यात पुसले जात होते, ते तिच्या काळजाला लागले. ती महाराजांसमोर गेली. डोळ्यांत पाणी होते. पण मान ताठ होती.

"महाराज, माझं नाव भिकाय हाय, पण मी कुणापुढं कधी हात पसरला नाय. आज तुमच्यापुढं पसरते. मागायला नाय, दाखवायला."

तिने दोन्ही तळहात उघडले. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, अंगठ्याजवळ कुदळीने सोललेली कातडी होती.

"घट्टे काय, भांडी घासूनसुद्धा पडतात!" खोतीणबाई म्हणाल्या.

महाराजांनी ते हात निरखून पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "द्वारकाबाई, वाद बैलाच्या कष्टाचा आहे ना? मग साक्ष माणसांची कशाला? ज्याचे कष्ट, त्यालाच विचारू. लखू, तुझा चांद्या बैल सोड."

दावे सुटले. चांद्या अंगणात आला. भाद्रपदातली हिरवी भाजी समोर आणि मोकळा बैल! बायका भांडी उचलायला धावल्या. महाराजांनी नुसता हात वर केला आणि सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

चांद्या भिकाईच्या मडक्याशी गेला. त्याने हुंगले, पण तोंड लावले नाही. भिकाईचे उघडे तळहात त्याने एकदा चाटले आणि तो पुढे निघाला. तो थेट खोतीणबाईंच्या पितळी हंड्यापाशी आला. आणि काय नवल सांगावे! जू चढवताना बैल मान पुढे करतो, तशी त्याने हंड्यासमोर मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. लखूने ओढले, चुचकारले, तो हलेना. जुवाने खरचटलेल्या त्याच्या खांद्यावर माश्या बसत होत्या आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. ओळखीच्या कामावर हजर झाल्यासारखा तो मुका जीव तिथे उभा होता!

लखूच्या हातातले दावे गळून पडले. त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

"चुकलो महाराज! आषाढात खणायला माणसं मिळाली नायत. बाईंना एकवीस जिनसा पायजेत, म्हणून मळ्यात नांगराचे चार फेरे मारले. चांद्याच होता जोताला. बाईंना ठावं नाय."

"मला ठाऊक नाही?" खोतीणबाईंचा आवाज चिरकला. "माझ्या मळ्यातलं मला..."

"मळ्यात शेवटचे केव्हा गेला होतात, माई?" महाराजांनी विचारले.

 खोतीणबाई मळ्यात कधीच गेल्या नव्हत्या. भाजी टोपलीतून दारात येई, तेवढीच त्यांना ठाऊक होती.

महाराज म्हणाले, "तुम्ही एक दिवस बैलाला विसावा देता. या भिकाईला परिस्थितीने बैलच दिला नाही. ती बारा महिने ऋषिपंचमी पाळते आहे! आज नैवेद्य तिच्या मडक्याचा. तीच भाजी सगळ्यांनी घासघास घ्यावी."

भाजी पानोपानी गेली. घासघासच मिळाली; पण त्या घासाने चाळीस बायका तृप्त झाल्या. शेवटचा घास खोतीणबाईंनी खाल्ला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. त्या उठल्या आणि आधी चांद्यापाशी गेल्या. त्याच्या खरचटलेल्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, तेव्हा कुठे त्याने मान वर उचलली.

मग त्या महाराजांच्या पायांकडे वळल्या. महाराजांनी पाय मागे घेतले आणि भिकाईकडे बोट दाखवले.

"भिकाय," खोतीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला माझ्या हातानं पिकवायचंय. कुदळ कशी धरायची, दाखवशील?"

भिकाई पदर खोचून उभी होती. "दाखवीन की, बाय. उद्या या माझ्या परड्यात. पण वहाणा बांधाबाहेर काढून या."

"काढून येईन गो," असे म्हणत गावच्या खोतीणबाईंनी सगळ्यांदेखत भिकाईच्या पायांवर डोके ठेवले.