सहीपुरते हातमोजे

रक्त तपासणारी ती पेटी लष्कराच्या चाचणी केंद्रात आठवडाभर उन्हात तापली, बर्फात गोठली आणि दहा वेळा टेबलावरून खाली आपटली. तरीही तिचे निकाल अचूक राहिले. आता मंजुरीच्या कागदावर केवळ हवालदार रंगनाथ खराडे यांची सही उरली होती. बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे रक्ततपासणी केलेले हवालदार मात्र सही करीनात.

"हिची बटणे डाळीच्या दाण्याएवढी आहेत, साहेब. जाड हातमोजे घालून एकही दाबता येत नाही."

पेटी बनवणाऱ्या कंपनीचे संचालक चौबळ केंद्राच्या प्रमुख ब्रिगेडियरसाहेबांकडे पाहून हसले. "मग मिनिटभर हातमोजे काढायचे! एवढ्यासाठी माझी पेटी अडवता? करा सही, खराडे."

"जशी आज्ञा," असे म्हणून हवालदारांनी चौकीवरचे जाडजूड हातमोजे चढवले आणि पेन उचलले. ते निसटले. पुन्हा उचलले, पुन्हा घरंगळले. तिसऱ्यांदा ते चौबळांच्या बुटावर पडले, तेव्हा चौबळ खेकसले, "अहो, सहीपुरते तरी हातमोजे काढा!"

"तुमची पेटीही आमच्या जवानाला हेच सांगते, साहेब. इथे पंखा फिरतो आहे, म्हणून मी काढीनही. तिथे उणे तीस अंशांत काढले, तर रुग्णाचा निकाल येईपर्यंत तपासणाऱ्याची बोटे गेलेली असतील."

ब्रिगेडियरसाहेबांनी पेटी परत पाठवली.

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा तिची बटणे बिस्किटाएवढी होती. हवालदारांनी हातमोजे घालून संपूर्ण तपासणी केली. मग ते काढून टेबलावर ठेवले आणि वळणदार अक्षरांत सही केली.