बिनगाठीची दोरी

एका गावात एक सुतार होता, आणि त्याने केलेल्या खुर्चीत बसलेला माणूस लवकर उठायचं नाव घेत नसे. खुर्च्या काय, सगळेच सुतार करतात. पण बाकीचे आधी खुर्ची करत आणि मग माणसाला तिच्यात बसवत. हा आधी माणसाला बसवायचा आणि मग लाकडाला हात घालायचा.

गिऱ्हाईक आलं की तो त्याला पातळ फळ्यांच्या ढिगावर बसवी. तळवे जमिनीवर सपाट टेकेपर्यंत एखादी फळी काढी, एखादी घाली. मग दोरी घेई. टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत एक गाठ, तिथून पाठीपर्यंत दुसरी, बसल्या जागेपासून कोपरापर्यंत तिसरी. ज्याची दोरी त्याच्या नावाच्या खुंटीला. दुकानाची एक अख्खी भिंत अशी भरून गेली होती.

एकदा गावचे गुरुजी दुसरी खुर्ची सांगायला आले. माप तुझ्याकडे आहेच, म्हणून निघायला लागले, तर सुताराने त्यांना थांबवलं.

"ही दोरी सात वर्षांपूर्वीच्या गुरुजींची आहे," तो म्हणाला. "लाकूड आटतं तसा माणूसही आटतो. बसा, पुन्हा माप घेतो."

गुरुजी खरंच दोन बोटं कमी भरले. ही गोष्ट सुतार पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होता. कौतुक होतं हो त्याला आपल्या कामाचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आता त्याच्या बायकोचं ऐका. वय झालं तसे तिचे गुडघे धरले. खाली बसलं की उठवेना. दुकानातला एक ओंडका मागून घेऊन ती त्यावरच भाजी निवडायची, तांदूळ पाखडायची. मला एक खुर्ची करा की, असं तिने एकदा म्हटलं. करतो की, तो म्हणाला. पण बाहेरचं काम कधी संपतंय? आज ह्याची, उद्या त्याची, असं करता करता दोन वर्षं निघून गेली.

शेवटी त्याचीच त्याला लाज वाटली. चांगलं जुनं सागवान त्याने बाजूला काढलं. ते बघून ती पदराला हात पुसत आली आणि फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसली. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच बसली होती.

"माझं माप घेताय ना?"

सुताराला हसू आलं. "तुझं माप? अगं, चाळीस वर्षं डोळ्यांसमोर आहेस. डोळे मिटून सांगेन."

ती गुडघ्यांवर हात देत उठली आणि आत गेली.

खुर्ची त्याने जीव ओतून केली. पाठीवर जाईचा वेल कोरला. पण त्याच्या डोळ्यांत होती ती लग्नातली उंचीपुरी मुलगी. खुर्ची झाली ती तिच्या मापाची. म्हातारी तिच्यात बसली तेव्हा तिचे तळवे जमिनीला लागेनात.

"जराशी उंच झालीय का हो?" तिने हळूच विचारलं.

त्याला ते लागलं. सारा गाव आपल्या खुर्चीला नावाजतो, आणि घरात ही खोट काढते!

"खुर्ची बरोबर आहे," तो म्हणाला. "तू नीट मागे सरकून बस."

ती जराशी मागे सरकली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. चार वर्षं ती त्या खुर्चीत बसली. कोणी आलं की वेलावरून हात फिरवत सांगायची, यांनी माझ्यासाठी केली. मग एका थंडीत ती आजारी पडली आणि गेली.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. तेल लावावं म्हणून सुताराने खुर्ची उजेडात ओढली. झिजेवरून बसणारा कसा बसतो, हे तो चटकन ओळखत असे. बैठकीची पुढची कड तेवढी गुळगुळीत झाली होती. पुढच्या पायांमधल्या आडव्या दांडीवर टाचांनी दोन खळगे पडले होते. आणि पाठीवरच्या वेलाच्या कडा पटाशीखालून निघाल्या तशाच धारदार होत्या. चार वर्षांत ती एकदाही टेकली नव्हती. स्वतःच्या खुर्चीत ती परक्या घरी बसावं तशी पुढच्या कडेवर बसत आली होती.

"अगं, सांगायचं तरी," तो खुर्चीला म्हणाला.

आणि मग त्याला आठवलं की तिने सांगितलं होतं.

तो ढसाढसा रडला. मग उठून त्याने करवत घेतली. निदान आता तरी पाय कापून खुर्ची तिच्या मापाची करू, असं त्याच्या मनात आलं. करवत लाकडावर ठेवली आणि हात थांबला. किती कापायचे, ते त्याला ठाऊक नव्हतं. भिंतीवर साऱ्या गावाच्या दोऱ्या होत्या. तिची नव्हती.

त्याने एक नवी दोरी घेतली आणि पहिल्या खुंटीला तशीच टांगली. पुढे कोणी विचारलं, की ही बिनगाठीची कोणाची, तर तो म्हणायचा, "आमच्या घरातली. माप घ्यायचं राहिलं." आणि आलेल्या माणसाला फळ्यांवर बसवायच्या आधी तो विचारायचा, की घरात आणखी कोणाला खुर्ची हवी आहे का, असेल तर आधी त्यांना घेऊन या.

तात्पर्य: ज्यांना आपण पुरते ओळखतो असं वाटतं, त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारावं, आणि त्यांनी हळू आवाजात सांगितलेलं तर नक्की ऐकावं.