तळ्याकडची फांदी

फार वर्षांपूर्वी शिंदीच्या बनात सुगरणींची मोठी वस्ती होती. त्या बनाबाहेर, तळ्याकाठच्या एका बाभळीवर मात्र सातच घरटी होती. तिथली सर्वांत म्हातारी सुगरण म्हणजे साळू.

बनात दाटी झाली, तशी तिथली पाखरं बाभळीवर जागा विचारायला येऊ लागली. साळूला कोण आनंद झाला. रेशी नावाची तरुण सुगरण आली, तेव्हा तळ्याकडची फांदी दाखवत साळू म्हणाली, "इथं राहा गं. वारा छान येतो."

साळूच्या लहानपणी त्याच बाजूची एक फांदी घरट्यांसकट तळ्यात कोसळली होती. झाड तिथं आतून पोखरलेलं होतं. हे ठाऊक असलेली आता ती एकटीच उरली होती. पण सांगितलं तर राहील कोण, म्हणून ती गप्प बसली.

दोन वर्षांत सातांची दोनशे घरटी झाली. बाभूळ दिवसभर गजबजू लागली आणि साळू सगळ्यांची आजी झाली.

मग एका दुपारी वादळ आलं. तळ्याकडची फांदी मोडली आणि चाळीस घरटी पिल्लांसकट पाण्यात गेली. रेशीचंही गेलं.

संध्याकाळी रेशीच साळूजवळ येऊन बसली. "रडू नका, आजी. तुम्ही तर आम्हाला आसरा दिलात."

ते ऐकून साळूला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. आजूबाजूच्या फांद्यांवरची पाखरंही ते ऐकत होती.

रेशीनं पाण्याकडे पाहिलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही राहावंत असं वाटत होतं," साळू म्हणाली.

रेशी उडून गेली. तिच्यामागून एकेक करत बाकीचीही निघाली. साळूनं कुणालाच थांब म्हटलं नाही.