'जाते' म्हणायची वाट

साऱ्या मुलखात घराबाहेर पडताना माणूस 'येतो' म्हणतो. चुकून 'जातो' निघालं तर थोरली माणसं डोळे वटारतात. पण भैरणगडाच्या महादरवाजासमोर, जिथे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ चिंचा उभ्या आहेत, तिथे कुणी 'येतो' म्हटलं की म्हातारे धाकूबुवा नाईक त्याचा हातच धरतात. "पाव्हनं, शबुद मागं घ्या. हितं 'जातो' म्हनायचं." शहाणी माणसं हसतात. मग बुवा गोष्ट सांगतात आणि हसू ओसरतं.

असे सांगतात की, फार पूर्वी पायथ्याच्या पेठेत पटकीची साथ आली. किल्लेदाराने दरवाजा बंद केला. बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, मग ते कुणी का असेना! पहारा रायबा नाईकाचा होता. हुकमाच्या आदल्याच दिवशी त्याची बायको तुळजा आजारी बहिणीकडे पेठेत उतरली होती. तान्हं पोर सासूच्या मांडीवर देऊन ती रीतीप्रमाणे म्हणाली होती, "येते हं."

चौथ्या दिवशी खालून निरोप आला, तुळजा गेली. त्याच तिन्हीसांजेला सर्वांत लांबच्या चिंचेखालून हाक आली, "येते हं." रायबाने तुळजेचा आवाज ओळखला. दुसऱ्या सांजेला हाक एक चिंच अलीकडे आली. तो दिवसभर झाडं मोजत बसे. तुळजेने कुणाला छळलं नाही की शापलं नाही. दिलेला शब्द पाळायला ती येत होती, एवढंच. पण जिच्याखालून हाक येई, त्या चिंचेतळी सकाळी पाखरं मरून पडलेली असत, म्हणे. ती एकटी येत नव्हती, साथ घेऊन येत होती. आणि दारालगतच्या देवडीत त्याचं पोर पाळण्यात होतं.

पहिल्या हाकेपासून नवव्या दिवशी दाराजवळची चिंच तेवढी उरली. ऊन कलताच रायबाने मोठ्या दारातली लहान दिंडी उघडली. "आये, जातो."

म्हातारीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "अभद्र बोलू नगंस. येतो म्हन."

"येतो म्हटलं की यावं लागतंय, आये. त्याच शब्दात ती अडकलीया. मी गेलो की अडसर घाल. माझ्या आवाजालाबी दार उघडू नगंस."

म्हातारीने अडसर सरकवला. बाहेरून रायबाचा आवाज आला, "तुळजे, तू नगं येऊस. मीच आलोय." मग पावलं चिंचांखालून लांब लांब गेली. दोघांची.

त्यानंतर हाक आली नाही. पोर जगलं. बुवांचं घराणं त्याचंच, असे म्हणतात.

आजही गडावरची लेक सासरी निघाली की याच झाडांखाली आईच्या गळ्यात पडून 'जाते' म्हणते. आईचं काळीज तुटतं, पण 'ये' हा शब्द ती ओठांवर येऊ देत नाही. ती नुसती मान हलवते, आत वळते आणि आपल्या हाताने दिंडीला अडसर घालते.